दोन फोन एकाच वेळी जागे नसतात तेव्हा

गुहागरजवळच्या आमच्या वाडीत मोबाइलला रेंज मिळते ती खळ्याच्या एका कोपऱ्यात आणि वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर. जांभ्याच्या जाड भिंतींआड, माजघरात, ती जवळजवळ पोहोचतच नाही. पावसाळ्यात वीज गेली की काही तासांनी टॉवरही मुका होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर दापोली-मंडणगड पट्ट्यात वीज आणि फोन कित्येक दिवस बंद होते. अशा ठिकाणी फाइली जुळवून ठेवणारी आणि निरोप पोहोचवणारी ॲप्स कशी वागतात, हे पाहण्यासाठी मी आणि मुंबईतल्या धाकट्या भावाने गेल्या हंगामात एक साधा प्रयोग केला. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, सातबाऱ्याचे फोटो आणि बागेचे काही व्हिडिओ दोघांच्या फोनवर सारखे राहावेत, एवढीच अपेक्षा होती.

त्यासाठी आम्ही सिंकथिंग हे २०१३ पासून विकसित होत असलेले मुक्त सॉफ्टवेअर निवडले, कारण त्यात फाइली कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर साठत नाहीत आणि दोन यंत्रे एकमेकांशीच व्यवहार करतात. (अँड्रॉइडसाठीच्या त्याच्या मूळ ॲपचे काम २०२४ च्या अखेरीस थांबले, आम्ही त्यावरून इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती, म्हणजे फोर्क, वापरली.) हे ॲप फाइलचे तुकडे पाडते, लहान आणि मध्यम फाइलींसाठी एक तुकडा १२८ किलोबाइटचा असतो. प्रत्येक तुकड्यावरून शा-२५६ या गणिती रीतीने २५६ बिटांचा एक ठसा काढला जातो. तुकड्यातील एक बिट जरी बदलला तरी ठसा संपूर्ण बदलतो, त्यामुळे दोन फोन आधी ठशांच्या याद्या ताडून पाहतात आणि जे तुकडे जुळत नाहीत तेवढेच मागवतात. १०० मेगाबाइटच्या व्हिडिओचे साधारण ८०० तुकडे होतात. त्यांतले ३०० पोहोचल्यावर रेंज गेली, तर पुढच्या वेळी उरलेले ५००च जातात. एकच व्हिडिओ तीनदा पहिल्यापासून पाठवण्याचा त्रास ज्याने सोसला आहे, त्याला या रचनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर ताजी कोणती मानायची? घड्याळ पाहून ठरवावे असे प्रथम वाटते, परंतु दोन यंत्रांची घड्याळे नेमकी जुळतातच असे नाही, आणि जुळली तरी उशिरा लिहिणाऱ्याला आधीचा बदल ठाऊक होता की नाही, हे घड्याळ सांगू शकत नाही. घटनांचा क्रम लावताना वेळेपेक्षा ‘कोणाला काय कळले होते’ हे महत्त्वाचे असते, हा विचार लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडला. त्याच वाटेने पुढे आलेल्या पद्धतीत प्रत्येक फाइलीबरोबर प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र मोजणी-आकडा ठेवला जातो. आमच्या हिशेबाच्या फाइलीवर माझा आकडा ४ आणि भावाचा ७ होता असे समजा. मी बदल केला की माझ्या प्रतीवर (५, ७) होते. ती प्रत भावाला मिळाल्यावर त्याने बदल केला तर (५, ८) होते. दोन्ही आकडे पूर्वीइतके किंवा त्याहून मोठे आहेत, म्हणून हीच पुढची प्रत, यात वाद नाही. परंतु माझा बदल पोहोचण्यापूर्वीच त्याने आपला बदल केला, तर माझ्याकडे (५, ७) आणि त्याच्याकडे (४, ८) राहते. कोणतीच जोडी दुसरीवर पूर्ण मात करत नाही, आणि दोन माणसांनी एकमेकांच्या नकळत लिहिले हे यंत्राला निश्चित कळते.

आमच्या बाबतीत नेमके हेच घडले. मी रवाना झालेल्या पेट्या लिहिल्या, त्याने त्याच संध्याकाळी आलेली रक्कम लिहिली, आणि दोन दिवसांनी फोल्डरमध्ये दोन फाइली दिसल्या. एकीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असे शब्द, तारीख आणि वेळ होती. घड्याळाचा उपयोग येथे फक्त कोणत्या प्रतीचे नाव बदलायचे यासाठी होतो. पुसली कोणतीच जात नाही. मला हा निर्णय अत्यंत योग्य वाटतो. पेट्या आणि पैसे यांचा मेळ घालणे हे माणसाचे काम आहे, आणि ॲपने ते परस्पर उरकले असते तर एकाची नोंद गुपचूप नाहीशी झाली असती. पुढे आम्ही दोघांसाठी दोन वेगळ्या फाइली केल्या आणि हा प्रश्न मिटला.

दुसरी अडचण मात्र रचनेतच आहे: दोन्ही फोन एकाच वेळी जोडलेले आणि जागे असावे लागतात. २०१५ मधील अँड्रॉइड ६ पासून, पडून राहिलेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲप्सची मागची कामे रोखून धरतो. म्हणून बॅटरीच्या सेटिंगमध्ये या ॲपला सूट द्यावी लागली. मी सड्यावर असताना भावाचा फोन लोकलच्या गर्दीत बंद पडलेला, असे तरीही अनेकदा झाले.

निरोपांच्या ॲप्सनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. व्हॉट्सॲपवरची एक खूण म्हणजे निरोप सर्व्हरवर पोहोचला, दोन खुणा म्हणजे समोरच्या फोनवर पोहोचला. मधल्या काळात तो कुलूपबंद स्थितीत सर्व्हरवर वाट पाहतो. पण कुलूप लावायचे कसे? १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी दाखवलेल्या रीतीने दोघे उघड्या मार्गावरून बोलूनही एक गुप्त किल्ली तयार करू शकतात, मात्र त्यासाठी दोघांनी आपापला वाटा द्यावा लागतो. समोरचा फोन बंद असेल तर त्याचा वाटा कोठून आणायचा? सिग्नल या ॲपच्या पद्धतीत, जी व्हॉट्सॲपनेही स्वीकारली, प्रत्येक फोन आपल्या वाट्यांचा एक साठा आधीच सर्व्हरवर ठेवून देतो. पाठवणारा त्यातला एक उचलतो आणि झोपलेल्या फोनशी एकट्यानेच किल्ली जुळवतो. पुढे प्रत्येक निरोपाची किल्ली वेगळी असते आणि निरोपावर क्रमांक असतो, म्हणून पाचवा निरोप तिसऱ्याच्या आधी आला तरी तिसऱ्याची किल्ली बाजूला राखून ठेवता येते. आमच्याकडच्या तुटक रेंजला हे फार मानवते.

इंटरनेट पूर्ण बंद करून ब्रायर हे ॲपही पाहिले. जवळ बसून एकमेकांचे क्यूआर कोड स्कॅन केल्यावर ते ब्लूटूथवरून निरोप नेते. ओटीवरून खळ्यापर्यंत ते चालले, मध्ये जांभ्याची भिंत येताच थांबले. राउटर इन्व्हर्टरवर चालू असेल तर त्याच्या वाय-फायवरूनही काम होते, मग बाहेरचे नेट असो वा नसो.

शेवटी सिंकथिंगसाठी आम्ही एक तिसरे यंत्र जोडले: भावाच्या घरी सतत चार्जरला लावलेला जुना फोन, ज्याचे काम केवळ जागे राहणे हे आहे. तो वाडीतल्या घरी ठेवावा असे मला आधी वाटत होते, परंतु जून ते सप्टेंबर येथली वीज पाहता मुंबईच बरी. आता मी दूध आणायला जाताना सड्यावर पाच मिनिटे थांबतो, तेवढ्यात पेट्यांची नोंद त्या फोनकडे जाते, आणि भाऊ रात्री घरी पोहोचला की त्याच्या फोनवर उतरते.