बाहुलीचे डोळे: ‘घट्ट शिवलेलं बटण’ पुरेसं नाही

‘बटण दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवलं की बाळाला बाहुली बिनधास्त द्यावी’ हा सल्ला वर्षानुवर्षं एकीकडून दुसरीकडे जातो आहे. तो चुकीचा आहे, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत धोकादायकही.

टाका घट्ट असला तरी दोरा झिजतोच. बाळ डोळा चोखतं, दातांनी ओढतं, बाहुली पुन्हापुन्हा धुतली जाते. शिवाय बरेचदा दोरा शाबूत राहतो आणि त्याखालचं कापडच फाटतं. ‘सेफ्टी आय’ नावाने मिळणाऱ्या प्लास्टिकच्या डोळ्यांचीही तीच गत. मागचा वॉशर, म्हणजे डोळा आतून अडकवणारी चकती, पक्का बसला तरी क्रोशेची वीण ताणली की डोळा वॉशरसकट बाहेर येऊ शकतो. नावावर जाऊ नका.

खेळण्यांच्या युरोपीय मानकात, ईएन ७१ मध्ये, ६ मिमीहून मोठा भाग ९० न्यूटन ओढीला टिकावा लागतो, म्हणजे साधारण ९ किलो वजन टांगल्याइतका. निघालेला भाग ३१.७ मिमी व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावला, तर तीन वर्षांखालील मुलांसाठी ते खेळणं बाद. हाताने ओढून पाहणं ही काही चाचणी नव्हे.

मग करायचं काय? डोळे भरतकामाने काढा. पांढऱ्या दोऱ्याचा एक छोटा ठिपका टाकला की नजर अगदी जिवंत दिसते, मला तर बटणापेक्षा हेच डोळे आवडतात. मात्र डोळे कापूस भरण्याआधी काढा, म्हणजे गाठी आत राहतात. आणि वर्षाच्या आतलं बाळ झोपलं असेल तेव्हा कुठलंही मऊ खेळणं त्याच्याजवळ ठेवू नका, भरतकामाचंसुद्धा.