ठाणे जिल्ह्यातील उन्हाळी हवामान

ठाणे जिल्ह्यात मार्चपासून मोसमी पाऊस येईपर्यंत राहणारे हवामान आणि त्याच्या अंदाजाची पद्धत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाल्यावर ठाण्याच्या वाट्याला खुला समुद्र फक्त उत्तन-भाईंदरच्या बाजूला उरला. मात्र ठाण्याची खाडी आणि उल्हास नदीची खाडी खारी हवा बरीच आत आणतात. पूर्वेला कसारा आणि माळशेज घाटांचा सह्याद्री उभा आहे. या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात एकाच दुपारी दोन निराळे उन्हाळे असतात. उत्तन, वाशी, नेरूळला पारा ३४ अंशांवर अडलेला असतो आणि अंगातून घामाच्या धारा लागतात. त्याच वेळी बदलापूर, मुरबाड, शहापूरकडे तो चाळिशी ओलांडतो आणि घाम अंगावरच सुकतो. पनवेल-खारघर हा नवी मुंबईचा भाग रायगड जिल्ह्यात येत असला, तरी हवा याच पट्ट्याची आहे.

वारे

इथला उन्हाळा सूर्यापेक्षा वाऱ्यावर अधिक ठरतो. सकाळी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात. नेहमीच्या दिवशी ते अकरा-बाराच्या सुमारास सुरू होतात आणि किनाऱ्यालगतचा पारा तिथेच थांबतो. पुढे येऊर, पारसिक आणि मुंब्र्याचे डोंगर त्यांना अडवतात. डोंगरांमधल्या फटींतून, मुख्यतः खाड्यांच्या वाटेने, हे वारे कल्याणकडे सरकतात. पण तोवर त्यांचा जोर आणि गारवा दोन्ही ओसरलेले असतात. बदलापूर, मुरबाडपर्यंत त्यांची झुळूक पोचली तरी दुपार कलू लागलेली असते आणि दिवसाचे कमाल तापमान गाठून झालेले असते. रात्री उलट दिशेने मतलई वारे वाहतात, पण एप्रिल-मेमध्ये ते मंद असतात. किनाऱ्यावरच्या रात्री म्हणूनच कुंद राहतात; पहाटेही पारा २६-२७ अंशांखाली उतरत नाही.

खरा घोळ होतो तो पूर्वेचे वारे जोर धरतात तेव्हा. दख्खनच्या पठारावरची तापलेली, कोरडी हवा सह्याद्री ओलांडून खाली उतरते. खाली येणारी हवा दाबली जाते आणि दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने आणखी तापते. पठाराची कड ६०० ते ७०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे घाटमाथ्यावर ३६ अंशांवर असलेली हवा पायथ्याशी येईपर्यंत बेचाळिशी गाठू शकते. मुरबाड आणि शहापूर घाटाच्या थेट पायथ्याशी असल्याने पहिला तडाखा त्यांना बसतो. हा वारा दुपारपर्यंत टिकला तर खाऱ्या वाऱ्यांना किनाऱ्यावरच थोपवून धरतो. ते दुपारी दोन-अडीचपर्यंत लांबले, की ठाणे शहर आणि नवी मुंबईही ३८-३९ अंशांपर्यंत तापतात. शेजारच्या मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते. मार्चमधले असे उच्चांक नवल वाटण्यासारखे नाहीत. त्या महिन्यात पूर्वेचा वारा अजून पुरता हटलेला नसतो.

आकडा आणि जाणीव

तापमानाचा नुसता आकडा या जिल्ह्यात दिशाभूल करतो. ३४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेली वाशीची हवा उष्णता निर्देशांकाच्या हिशेबाने सुमारे ४२ अंशांसारखी जाणवते. ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या मुरबाडच्या हवेत हाच निर्देशांक ४१ च्या आसपास राहतो. म्हणजे थर्मामीटरवर सात अंशांचा फरक असूनही शरीरावरचा ताण जवळपास सारखाच. फरक धोक्याच्या प्रकारात आहे. किनाऱ्यावर घामाचे बाष्प होत नाही आणि शरीराची उष्णता आत कोंडते. आतल्या भागात घाम इतक्या झटकन उडतो की किती पाणी गेले ते कळतही नाही.

भारतीय हवामान विभागाच्या निकषांत हा भेद अर्धाच उतरला आहे. कमाल तापमान सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त असावे आणि मैदानी केंद्रावर ४०, तर किनारी केंद्रावर ३७ अंशांवर पोचावे, तर उष्णतेची लाट मानतात, वाढ ६.४ अंशांहून अधिक झाली तर ती तीव्र लाट. या निकषात आर्द्रता येत नाही. उष्ण व दमट हवेचा इशारा विभाग वेगळा देतो. लोक मात्र ‘लाट’ हा शब्द नसला की त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतात, आणि हे घातक आहे. खारघरच्या मोकळ्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीचे कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भातला माणूस हा आकडा ऐकून छत्रीही उघडणार नाही. खाडीकाठच्या दमट हवेत, सावलीविना तासन्‌तास बसलेल्यांसाठी तो जीवघेणा ठरला.

अंदाज

फेब्रुवारीअखेरीस मार्च ते मे आणि मार्चअखेरीस एप्रिल ते जून या महिन्यांचा हंगामी अंदाज हवामान विभाग जाहीर करतो. तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता किती, एवढेच त्यात कळते. अमुक दिवशी किती तापेल हे त्याला विचारू नये. दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. दैनंदिन कामासाठी उपयोगाचा असतो तो जिल्हावार इशारा: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. अडचण अशी, की उत्तन आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणांना त्यात एकच रंग मिळतो. शिवाय ठाण्या-नवी मुंबईतले अनेक जण कुलाबा आणि सांताक्रूझ इथले आकडे आपले समजून वाचतात. कुलाबा तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे. कल्याणपलीकडे राहणाऱ्याला तो आकडा फारसे काही सांगत नाही.

म्हणून इथे अंदाज वाचताना आधी वाऱ्याची दिशा पाहावी. सकाळी दहाला वारा पूर्वेचा किंवा ईशान्येचा असेल, तर दुपार जड जाणार. वायव्येचा किंवा पश्चिमेचा असेल, तर किनारा वाचतो, पण घाम ठरलेलाच. त्यानंतर रात्रीचे किमान तापमान पाहावे, कारण दोन-तीन रात्री शरीराला विसावा मिळाला नाही तर पुढचा साधाच दिवसही बाधतो.

उन्हाळ्याचे वेळापत्रकही आता भरवशाचे राहिलेले नाही. २०२५ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला. ठाणे महापालिकेने २०२४ मध्ये सीईईडब्ल्यू या संशोधन संस्थेच्या साहाय्याने शहराचा उष्णता कृती आराखडा तयार केला. असा आराखडा खरे तर मुरबाड-शहापूरला आधी हवा. तिथे पारा जास्त चढतो आणि दवाखाने लांब आहेत.

कामाची ठिकाणे आणि पाणी

भिवंडीतला यंत्रमाग कारखाना म्हणजे बहुधा पत्र्याचे छप्पर, सखल शेड आणि शेजारी शेजारी धडधडणारे माग. डोक्यावरचा पत्रा आणि मागांच्या मोटारी अशी दोन्हीकडून उष्णता येते. कोरड्या हवेत सुती धागा अधिक तुटतो, त्यामुळे पूर्वेचा वारा सुटलेल्या दिवशी गाठी मारत मागांमधून फिरण्याचे कारागिराचे काम वाढते, आणि नेमका तोच दिवस सर्वांत तापलेला असतो. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गोदामांतल्या हमालांची गत वेगळी नाही. कामाच्या पाळ्या बदलण्याचा निर्णय शहराच्या सरासरी तापमानावरून घेणे म्हणूनच चुकीचे आहे. तो शेडच्या आतला पारा पाहून घ्यायला हवा.

शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणे आहेत. मुंबईची तहान मोठ्या प्रमाणावर इथूनच भागते. याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते आणि बायका आटलेल्या विहिरीच्या तळातून वाटीवाटीने पाणी भरतात. उष्माघात टाळण्यासाठी भरपूर पाणी प्या, हा सल्ला देण्याआधी ही परिस्थिती लक्षात घ्यायला हवी.

कडक उन्हाची गरज असलेलेही व्यवसाय आहेत. भाईंदरची मिठागरे ऊन आणि वाऱ्यावरच चालतात, आणि अवकाळी सर तयार होत आलेले मीठ विरघळवून टाकते. मुरबाड-शहापूरचे शेतकरी याच दिवसांत भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पालापाचोळा, टहाळ आणि शेण पसरून, वर मातीचा पातळ थर देऊन, सकाळी वारा पडलेला असताना आग लावायची असते. दुपारी पूर्वेचा वारा उठला तर तिचा वणवा होतो.

हंगामाचा शेवट

मेमध्ये अरबी समुद्राचे पाणी २९-३० अंशांपर्यंत तापते. हवेतले बाष्प वाढते आणि घाटालगत दुपारनंतर ढग जमून वळीव बरसतो. कधी तो सोसाट्याच्या वाऱ्यासह शहरांवर येतो. १३ मे २०२४ रोजी धुळीच्या वादळाने मुंबई-ठाण्यात मोठी हानी केली. चक्रीवादळांचाही हाच काळ. ‘तौक्ते’ १७ मे २०२१ रोजी या किनाऱ्याजवळून गेले आणि ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ जमिनीवर आले.

मोसमी पावसाच्या आगमनाची मुंबईसाठीची सरासरी तारीख ११ जून आहे. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच पोचला, आणि १९५६ मधला २९ मेचा विक्रम मोडला. मात्र आगमन जाहीर झाल्यावरही पाऊस दडी मारू शकतो. मध्ये उघडीप पडली की उकाडा आधीपेक्षा वाढतो आणि घाईने पेरलेल्या राबातली कोवळी रोपे करपतात. जमिनीत पुरेशी ओल होईपर्यंत पेरणी करू नये, असे कृषी विभाग दरवर्षी बजावतो ते यासाठीच.