सर्वेक्षणातले ९९ आले कुठून? व्हेरिएबलची नावे आणि कोड यांची पार्श्वभूमी

एखाद्या मोठ्या सर्वेक्षणाची डेटा फाइल पहिल्यांदाच उघडणाऱ्याला व्हेरिएबलची, म्हणजे एकेका प्रश्नाच्या उत्तरांच्या रकान्याची, व्ही०१२, व्ही०२५, व्ही१०६ अशी नावे दिसतात आणि त्यांच्याखाली नुसते आकडे. मधूनच एखाद्या रकान्यात ९८ किंवा ९९. नाव सरळ ‘वय’ का ठेवले नाही आणि हे ९९ कुणाचे, हे समजून घ्यायचे तर पंच कार्डापर्यंत, म्हणजे भोके पाडून माहिती नोंदवायच्या कार्डापर्यंत, मागे जावे लागते.

अमेरिकेच्या १८८०च्या जनगणनेची हाताने केलेली मोजदाद कित्येक वर्षे रेंगाळली. १८९०च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांची यंत्रे आली. एका माणसामागे एक कार्ड, आणि कार्डावर ठरलेल्या जागी भोक म्हणजे ठरलेले उत्तर. यंत्राला शब्दांशी कर्तव्य नव्हते, भोक कुठे आहे एवढेच त्याला हवे होते. कोणत्या जागेचा अर्थ काय, हे माणसांनी वेगळे लिहून ठेवायचे. कोडबुकाची, म्हणजे कोणत्या कोडचा अर्थ काय हे सांगणाऱ्या यादीची, गरज तिथूनच सुरू होते.

१९२८ साली आयबीएमने ८० रकान्यांचे कार्ड आणले आणि पुढची जवळपास पाच दशके सर्वेक्षणांची घडण याच कार्डाने ठरवली. प्रत्येक रकान्यात बारा जागा: ० ते ९ हे अंक आणि त्यांच्या वर आणखी दोन. एका उत्तरदात्याची सगळी उत्तरे ८० रकान्यांत बसवायची, नाही बसली तर दुसरे कार्ड घ्यायचे. त्यामुळे रकाने जपून वापरले जात. लिंगासाठी एक रकाना, वयासाठी दोन. दशांश चिन्हासाठीसुद्धा रकाना खर्च करायचा नाही, ते कुठे धरायचे हे कोडबुकात सांगायचे. ही काटकसर कार्डे गेल्यावरही टिकली. डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे हा अनेक देशांत लोकसंख्या आणि आरोग्याची सर्वेक्षणे करणारा कार्यक्रम १९८४ साली सुरू झाला. त्याच्या फाइलींत भारांक (एका उत्तरदात्याला हिशेबात किती वजन द्यायचे तो आकडा) व्ही००५ या व्हेरिएबलमध्ये असतो आणि तो वापरण्याआधी १० लाखांनी भागावा लागतो, कारण सहा दशांश स्थळे गृहीत धरलेली असतात, लिहिलेली नसतात.

आता ९९. उत्तर मिळाले नाही तर रकाना मोकळा सोडावा, असे कुणालाही वाटेल. पण मोकळ्या रकान्यावरून उत्तरदात्याने उत्तर दिले नाही, प्रश्न त्याला लागूच नव्हता, की कार्ड पंच करणाऱ्याच्या हातून राहून गेले, हे कळत नाही. शिवाय फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्त्या अंकी रकान्यातली मोकळी जागा शून्य म्हणून वाचत. ‘मुले किती?’ या प्रश्नाला उत्तर न देणारी बाई हिशेबात निपुत्रिक ठरायची. म्हणून रकान्यात मावणारे सर्वांत मोठे आकडे राखून ठेवायची रीत पडली: एका रकान्यासाठी ८ म्हणजे ‘माहीत नाही’ आणि ९ म्हणजे ‘उत्तर नाही’, दोन रकान्यांसाठी ९८ आणि ९९, चारांसाठी ९९९८ आणि ९९९९. त्या काळच्या यंत्रांपुढे हा विचारपूर्वक काढलेला मार्ग होता. तरी मला वाटते, त्या काळाकडून आपल्याकडे आलेल्या सगळ्या वारशात सर्वांत घातक हाच आहे. २४, २८, ३१, ३५ अशी चार वये घ्या. सरासरी २९.५. पाचव्या माणसाने वय सांगितले नाही म्हणून त्याच्यापुढे ९९ आहे आणि ते तसेच राहिले, तर सरासरी ४३.४ येते. प्रोग्राम कुठलीही तक्रार करत नाही. मोठ्या नमुन्यात असे दोन-तीन टक्के ९९ असले तर फरक इतका बेताचा पडतो की तो खराच वाटतो.

१९६८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, हॅडलाय हल आणि डेल बेंट यांनी एसपीएसएस हे आकडेवारीच्या विश्लेषणाचे सॉफ्टवेअर तयार केले. त्यात व्हेरिएबलचे आखूड नाव, त्याचे सविस्तर लेबल, प्रत्येक कोडचे लेबल आणि ‘हे आकडे गहाळ समजावेत’ अशी सूचना, या चार गोष्टी वेगवेगळ्या ठेवता येत. कोडबुकाचा गाभा डेटासोबत चालू लागला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची भर. नाव मात्र आठ अक्षरांतच बसवावे लागे. सॅस आणि स्टेटा या तशाच सॉफ्टवेअरमध्येही बराच काळ हीच मर्यादा होती. स्टेटाने ती २००० साली ३२ अक्षरांवर नेली, एसपीएसएसने २००३ साली ६४ वर.

आठ अक्षरांच्या त्या कोंडीत दोन पंथ तयार झाले. एक प्रश्नाच्या क्रमांकावरून नाव देणारा: क्यू०१, क्यू०२. दुसरा अर्थावरून देणारा: १९७२ पासून चालू असलेल्या जनरल सोशल सर्व्हे या अमेरिकी सर्वेक्षणामध्ये ‘हॅपी’, ‘ट्रस्ट’ अशी नावे आहेत. एकदाच होणाऱ्या सर्वेक्षणाला क्रमांक पुरतात (एक अंकी क्रमांकाआधी शून्य लावायला विसरू नये, नाहीतर क्यू१० हा क्यू२ च्या आधी येऊन बसतो). पण सर्वेक्षण पुन्हा होणार असेल तर अर्थाची नावेच धरावीत. पुढच्या फेरीत मध्येच एक प्रश्न घुसला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि दोन वर्षांचा क्यू१७ एकच राहत नाही. अंडरस्टँडिंग सोसायटी या ब्रिटिश सर्वेक्षणाने यावर छान तोड काढली आहे: मूळ नाव तेच, आणि त्याच्या आधी फेरीचे अक्षर. गहाळ उत्तरांना तिथे ऋण आकडे आहेत, उणे १ म्हणजे ‘माहीत नाही’, उणे २ म्हणजे ‘उत्तराला नकार’. खऱ्या उत्तराशी गल्लत टळते, पण सरासरी काढण्याआधी हे आकडेही बाजूला काढावेच लागतात.

गहाळ म्हणून नोंदवल्यावरही सावध राहावे लागते. स्टेटा गहाळ मूल्याला सगळ्या आकड्यांहून मोठे मानतो, सॅस सगळ्यांहून लहान. ‘उत्पन्न अमुकपेक्षा जास्त’ अशी अट लिहिली की स्टेटामध्ये उत्पन्न न सांगणारेही श्रीमंतांत येतात.

एकाहून जास्त पर्याय निवडता येतात अशा बहुपर्यायी प्रश्नांची गोष्ट वेगळी. जुन्या काळी जागा वाचवायला एकाच रकान्यात अनेक भोके पाडत, म्हणजे बारा पर्यायांचा प्रश्न एका रकान्यात उरके. अशा फाइली आजच्या सॉफ्टवेअरला थेट वाचता येत नाहीत, आणि जुन्या जनमत चाचण्या जपणाऱ्या संग्रहालयांना त्या एकेक पर्याय सुटा करून उलगडाव्या लागल्या. तरी ओडीके या मोबाइलवर माहिती गोळा करायच्या साधनाच्या फॉर्ममध्ये तीच पद्धत दुसऱ्या रूपात दिसते: निवडलेले सगळे पर्याय एकाच रकान्यात, मध्ये मोकळी जागा सोडून. रेडकॅप हे तसेच दुसरे साधन मात्र प्रत्येक पर्यायाचा वेगळा ०/१ रकाना देते, आणि विश्लेषणाला तोच लागतो. अशा रकान्याच्या नावातच १ चा अर्थ यावा: ‘लिंग’ नको, ‘स्त्री’ हवे.

आज अनेक ऑनलाइन फॉर्म अख्खा प्रश्नच रकान्याचे शीर्षक म्हणून उतरवून देतात. मर्यादा गेली तशी शिस्तही गेली, याचे वाईट वाटते. प्रश्नातला एक स्वल्पविराम बदलला तरी विश्लेषणासाठी आधी लिहिलेली आज्ञावली (प्रोग्राम) अडते. अशा वेळी पूर्ण प्रश्न लेबलात हलवावा, आखूड नाव द्यावे, आणि मूळ फाइल न बदलता हे सगळे आज्ञावलीतच लिहावे. लेबलांची ही जोडणी एका सॉफ्टवेअरवर अवलंबून राहू नये म्हणून १९९५ साली डेटा डॉक्युमेंटेशन इनिशिएटिव्ह हा सामाईक मानक ठरवण्याचा उपक्रम सुरू झाला. २००० साली त्या मानकाची पहिली आवृत्ती आली. त्यात प्रश्नाचे शब्द, व्हेरिएबलचे नाव, प्रत्येक कोड आणि त्याचा अर्थ एकाच मजकुरी फाइलमध्ये राहतात, आणि ती माणसालाही वाचता येते, यंत्रालाही.