कॅनॉपीवरची साय

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा स्क्वाड्रन’ म्हणत. गायकवाड सरकारने दिलेल्या देणगीची ती खूण. मे १९४१ मध्ये स्कॉटलंडमधल्या कॅसलटाऊनला ही स्क्वाड्रन पुन्हा उभी राहिली आणि स्पिटफायर ही लढाऊ विमानं उडवू लागली. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या, प्लास्टिकची विमानं जोडायचं वेड असलेल्या माणसाने या स्क्वाड्रनचं एक तरी स्पिटफायर करायलाच हवं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. गेल्या श्रावणात ते केलं, मूळच्या बहात्तरपट लहान. रंगकामात महिना गेला. सगळ्यात शेवटी वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक कॅनॉपी, जेमतेम नखाएवढी, सुपरग्लूचे दोन थेंब लावून बसवली. सकाळी पाहतो तर कॅनॉपीला आतून दुधावर यावी तशी साय, आणि त्या सायीत माझ्याच अंगठ्याचा ठसा, रेष न् रेष मोजून घ्यावी असा.

ठशाचं कोडं सोपं आहे. सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. तो इतर गोंदांसारखा वाळत नाही. ओलाव्याशी गाठ पडली की त्याचे रेणू एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात आणि दगड होतात. पण तेवढ्यात त्यातला थोडा भाग वाफ होऊन निसटतो. ही वाफ कॉकपिटच्या खोबणीत कोंडते, जिथे ओल सापडेल तिथे बसते आणि पांढरी भुकटी होऊन राहते. बोटाच्या घामावर तर ती सगळ्यात आधी बसते. १९७७ मध्ये जपानमधल्या सागा प्रांताच्या पोलीस प्रयोगशाळेत फुसेओ मात्सुमुरा सुपरग्लूने काचपट्ट्यांवर केस चिकटवत होते, तेव्हा पट्टीवर स्वतःचेच ठसे उमटलेले त्यांना दिसले. त्यांनी ते मासातो सोबा या ठसेतज्ज्ञ सहकाऱ्याला सांगितलं, आणि सुपरग्लूची धुरी देऊन ठसे उठवायची रीत तिथून जगभर गेली. ही धुरी देताना बंद पेटीत मुद्दाम दमटपणा वाढवतात, साधारण ८० टक्क्यांपर्यंत. श्रावणातल्या बडोद्यात तेवढेही कष्ट नकोत.

या गोंदाच्या जन्माची कथा मात्र मला त्याहून मजेची वाटते. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूवर आणि त्यांचे सहकारी बंदुकांच्या नेम धरायच्या भिंगांसाठी स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्या खटपटीत सायनोअ‍ॅक्रिलेट हाती आलं, पण ते दिसेल त्याला चिकटायचं, म्हणून बाजूला टाकलं. नऊ वर्षांनी टेनेसीतल्या किंग्जपोर्टला कूवरांच्याच देखरेखीखाली उष्णतेला टिकणाऱ्या पारदर्शक पदार्थाचा शोध चालू होता. कशासाठी, तर जेट विमानांच्या कॅनॉपीसाठी! फ्रेड जॉयनर यांनी प्रकाश किती वळतो ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच्या दोन लोलकांमध्ये थेंब पसरला, आणि लोलक सुटेनात. महागडं उपकरण कामातून गेलं म्हणून आधी धाबं दणाणलं. मग कूवरांच्या लक्षात आलं की आपल्याला प्लास्टिक नाही, गोंद सापडलाय. १९५८ मध्ये तो ‘ईस्टमन ९१०’ नावाने बाजारात आला. कॅनॉपी शोधता शोधता सापडलेला गोंद माझ्या कॅनॉपीवर उलटला तो असा.

सुपरग्लूच्या आधी सगळं आलबेल होतं असंही नाही. प्लास्टिकचे पहिले विमानसंच १९३६ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाने निघाले. ते सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असायचे आणि काळाबरोबर वाकडे व्हायचे. युद्धानंतर पॉलिस्टायरिन आलं आणि आजवर तेच चाललंय. खऱ्या स्पिटफायरची कॅनॉपी पर्स्पेक्सची, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची. संचातली मात्र पॉलिस्टायरिनची. तिला जोडायला जे ‘सिमेंट’ मिळतं त्याला गोंद म्हणणंच चूक. आमच्या शेजारचे काका आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीतून रिटायर झालेले. (१९६९ मध्ये ही कंपनी निघाल्यापासून बडोद्यात दर दुसऱ्या जिन्यात एक तरी पॉलिमरवाला सापडतो.) मी कॅनॉपी दाखवायला गेलो तर म्हणाले, “अरे, ते सिमेंट म्हणजे सॉल्व्हंट. दोन्ही कडा विरघळवतं, त्या एकमेकींत मिसळतात आणि सॉल्व्हंट उडून जातं. जोड दिसत नाही तिथे उत्तम. पण पारदर्शक भागावर थेंब ओघळला की पृष्ठभागच गेला, आता काय पुसणार तू?” त्यात हे काचेसारखं पॉलिस्टायरिन ठिसूळ. साच्यातून निघतानाच त्यात ताण राहिलेला असतो, आणि सॉल्व्हंट लागलं की तिथेच केसाएवढ्या चिरा पडतात.

म्हणून जुने मॉडेलवाले वेगवेगळ्या वाटांनी गेले. अमेरिकेत ‘फ्यूचर’ आणि ब्रिटनमध्ये ‘क्लिअर’ नावाचं जॉन्सन कंपनीचं फरशीचं पॉलिश मिळायचं. ते अ‍ॅक्रिलिकचं. कॅनॉपी त्यात बुडवायची, निथळवायची आणि धूळ बसू नये म्हणून वाटीखाली झाकून ठेवायची. बारीक ओरखडे भरून निघतात, आणि सुपरग्लूच्या वाफेपुढे एक पडदा उभा राहतो. पुढे कमी वाफ सोडणारे, वास नसलेले सुपरग्लूही आले. चांगले आहेत, पण महाग.

सगळ्यात साधा उपाय घरातच होता. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट १९१२ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी शोधलं. आपल्याकडे ते १९५९ पासून फेव्हिकॉल म्हणून सुताराच्या डब्यात आहे. त्यात पॉलिस्टायरिन विरघळवणारं सॉल्व्हंट नाही, फक्त पाणी. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरतो म्हणून तो दुधासारखा दिसतो. पाणी उडालं की कण एकजीव होतात आणि थर काचेसारखा होतो. पकड बेताची, पण कॅनॉपीला कुठे ओझं पेलायचंय? परदेशी दुकानांत ‘कॅनॉपी ग्लू’च्या नावाखाली मिळणाऱ्या बाटल्या बऱ्याचदा याच जातकुळीच्या असतात. त्यांना चौपट पैसे मोजावेत असं मला तरी वाटत नाही.

माझी कॅनॉपी मी ब्लेडच्या टोकाने अलगद सोडवली. साय वरवरची होती. टूथपेस्ट आणि कानातल्या कापूसकाडीने दोन संध्याकाळी घासल्यावर ती गेली. सिमेंटचा डाग असता तर एवढ्यावर भागलं नसतं. उघडी कॅनॉपी दाखवून जोडच टाळायची सोय मात्र नव्हती. बडोदा स्क्वाड्रनला १९४२ मध्ये मिळालेलं ‘मार्क सहा’ जातीचं स्पिटफायर उंचावरून उडण्यासाठी होतं, कॉकपिटमध्ये हवेचा दाब धरून ठेवायचं. त्याची कॅनॉपी मागे सरकायचीच नाही. उड्डाणाआधी ती वर ठेवून खटक्यांनी पक्की करत. अडचण आली तर वैमानिकाला ती अख्खी उडवूनच द्यावी लागे.

मग टूथपिकच्या टोकावर फेव्हिकॉल घेऊन कडेने ओढला, जास्तीचा ओल्या कापूसकाडीने पुसला आणि विमान वाटीखाली झाकलं. बाहेर पाऊस लागलेला. सकाळी कडेला पांढरी रेघ दिसत होती. दुपारच्या चहापर्यंत ती शेपटीकडच्या बाजूला तेवढी उरली होती.