अंगणातला सौना: धूर, दगड आणि बाहेर उघडणारं दार

आमच्या दाजींनी कोल्हापूरच्या रुईकर कॉलनीतल्या बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत सौना, म्हणजे बसून घाम काढायची गरम लाकडी खोली, बसवायचं मनावर घेतलंय. जिथं पूर्वी पाणी तापवायचा तांब्याचा बंब असायचा आणि आता नुसती कढीपत्त्याची दोन झाडं आहेत, बरोबर तिथंच. दिवाळीपासून रोज रात्री फोटो येतायत, एक पिंपासारखा गोल, एक पुढं सगळी काच असलेला, एक टपरीएवढा लाल दिव्यांचा, आणि खाली एकच प्रश्न, "ह्यातला कुठला घेऊ?" मी म्हटलं दाजी थांबा, आधी ही वस्तू आली कुठून ते बघूया, कारण ह्यातला प्रत्येक प्रकार वेगळ्या काळात तयार झालाय आणि त्या त्या काळची अडचण त्याच्या बांधणीत अजून बसलेली आहे, ती कळली की निम्मे फोटो आपोआप गळतात.

शब्द फिनलंडचा. आपल्याकडं 'सोना' म्हणतात, ते लोक 'सौना' म्हणतात. लोकसंख्या साधारण 55 लाख आणि सौना 30 लाखांच्या वर, म्हणजे आपल्याकडं घरटी देव्हारा तसं तिकडं घरटी सौना. 2020 मध्ये युनेस्कोनं फिनलंडची सौना संस्कृती वारशाच्या यादीत घेतली, त्याआधी 2014 मध्येच शेजारच्या एस्टोनियातल्या वोरुमा भागातल्या धुराच्या सौनाचा नंबर लागला होता.

धुराचा म्हणजे कसा, तर हाच मूळ प्रकार. सुरुवातीला उतारावर खड्डा खणून त्यात दगड तापवायचे, वर आडोसा करायचा. पुढं ओंडक्यांची खोली झाली, पण धुराडं नाही. कोपऱ्यात दगडांचा ढीग, खाली जाळ, आणि धूर खोलीतच. चार-सहा तास लाकूड जाळायचं, मग जाळ विझू द्यायचा, निखारे काढायचे, धूर बाहेर जाऊ द्यायचा आणि मग आत बसायचं. दगडांनी साठवलेली उष्णता रात्रीपर्यंत पुरायची. भिंती काळ्याकुट्ट.

हे वाचलं तेव्हा मला पहिलं आठवलं ते गुऱ्हाळ. करवीर, पन्हाळा भागात हिवाळ्यात गुऱ्हाळ बघितलेल्या माणसाला सौना समजावून सांगायला लागत नाही. चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर काहिलीत रस उकळतोय, आत शिरलं की चष्म्यावर वाफ आणि दोन मिनिटांत बनियन अंगाला चिकटलेलं, बाहेर डिसेंबरची थंडी. बाहेर आल्यावर अंगाला जो वारा लागतो ना, त्या एका क्षणासाठीच फिन माणूस एवढा खटाटोप करतो. फरक इतकाच की आपण गुळासाठी आत जायचो, घाम फुकट यायचा.

तिकडंही ती खोली नुसती घाम काढायला नव्हती बरं का. शेतावर नवीन बिऱ्हाड आलं की बऱ्याचदा आधी सौना बांधायचे आणि घर होईपर्यंत त्यातच राहायचे. मांस धुरवायचं तिथं, माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, वाळवायचं तिथं, शनिवारची अंघोळ तिथं, मयताला शेवटची अंघोळ तिथंच, आणि बायका बाळंत व्हायच्या त्याही तिथंच, कारण गरम, स्वच्छ, गरम पाण्याची सोय असलेली आणि चार लोकांपासून बाजूला अशी तेवढीच एक खोली. दाजींच्या आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग त्यात नवीन काय, आमच्या बाजेखाली शेगडी असायचीच की, ओव्या-शेपाची धुरी आणि दारं बंद." खरंय. बाळंतिणीचा शेक आणि सर्दीचा वाफारा ह्या दोन गोष्टी सोडल्या तर शेकण्याची सवयच आपण घालवून बसलोय.

आता सौना घराबाहेर का, ह्याचं उत्तरही इथंच आहे. शौक म्हणून नाही, आगीच्या भीतीनं. लाकडी खोलीत तासन्‌तास जाळ म्हटल्यावर ती कधीतरी पेटणारच, मग घर वाचावं म्हणून लांब आणि पाण्याच्या जवळ, तळ्याकाठी. म्हणजे 'आऊटडोअर सौना' म्हणून आज जे वेगळं मॉडेल विकतात ते खरं तर मूळ रूप, घरातला सौना ही नंतरची सोय.

धुराडं आणि लोखंडी भट्टी आली तसा धुराचा प्रकार मागं पडत गेला, कारण आता जाळ चालू असतानाच आत बसता यायला लागलं. मग 1938 मध्ये मेटोस ह्या फिनिश कंपनीनं विजेची भट्टी काढली आणि युद्धानंतर लोक शहरात फ्लॅटमध्ये राहायला गेले तसा सौनाही त्यांच्या मागोमाग बाथरूमच्या शेजारी आला. धूर गेला, लाकूड गेलं, पण दगड मात्र गेले नाहीत. का, तर सगळा जीव दगडात आहे. तापलेल्या दगडावर डावभर पाणी टाकलं की जी वाफेची लाट अंगावर येते तिला ते 'लॉयलू' म्हणतात आणि त्या शब्दाचा जुना अर्थ श्वास, प्राण असा. हंगेरियनमध्ये त्याचाच नातलग शब्द 'लेलेक', अर्थ आत्मा. त्यामुळं दाजींच्या फोटोतला तो लाल दिव्यांचा इन्फ्रारेड डबा वंशावळीनं सौना नाहीच. त्याचं मूळ अमेरिकेत, 1890 च्या दशकात जॉन हार्वे केलॉग, तेच कॉर्नफ्लेक्सवाले, त्यांनी आपल्या आरोग्यधामात बल्ब लावलेल्या पेटीत लोकांना बसवायला सुरुवात केली, तिथून ही शाखा निघते. तो 50-60 अंशांवर थेट अंग तापवतो, खरा सौना 70 ते 100 अंशांपर्यंत हवा तापवतो. वाईट आहे असं नाही, लाईट बिल कमी, जागा कमी, पण दगड नाही, पाणी नाही, लाट नाही. ज्याला पांढऱ्या रश्श्याची सवय त्याला सूप दिल्यासारखं.

आणि आता मला ज्याचं जास्त नवल वाटलं ते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय अख्खा घामावर आहे, स्वेदाध्याय. अग्नी वापरून घाम काढायचे 13 प्रकार दिलेत. त्यातला 'अश्मघन' म्हणजे शिळा तापवून, तिच्यावर कापड पसरून झोपायचं. आणि 'जेन्ताक' वाचला तर तुम्हाला वाटेल कुणी फिन माणूस संस्कृतात लिहितोय. पाण्याच्या जवळ, पण सात-आठ हात सोडून, चांगल्या मातीच्या जागेवर गोल खोली बांधा, उंची-रुंदी जास्तीत जास्त 16 अरत्नी (अरत्नी म्हणजे साधारण दीड फूट), हवेसाठी झरोके ठेवा, आतून भिंतीलगत दारापर्यंत मातीचा ओटा करा आणि मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक भोकांची, झाकणाची मातीची भट्टी. त्यात खैराचं लाकूड पेटवा, लाकूड जळून धूर गेला की मग अंगाला तेल लावून आत जा. धूर गेला की आत जा! धुराच्या सौनाचा अख्खा नियम एका ओळीत. बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांतही 'जंताघर' आहे, जीवक वैद्याच्या सल्ल्यावरून भिक्षूंसाठी बुद्धांनी त्याला परवानगी दिली, आत आगीची धग सोसवावी म्हणून ते तोंडाला माती लावून बसायचे. फिन लोकांनी हे आपल्याकडून नेलं असली व्हॉट्सअपी शेखी मी मिरवणार नाही, थंडी आणि सांधेदुखी सगळीकडंच असते, माणसं आपापली तिथं पोचतात.

त्याच अध्यायात अग्नीशिवाय घाम काढायचे दहा प्रकारही आहेत, व्यायाम, भूक, जड पांघरूण, भीती, राग, लढत वगैरे. म्हणजे शाहू महाराजांनी गावात एवढं कुस्तीचं वेड लावलं, 1912 ला खासबाग मैदान उभं केलं, तर कोल्हापूरकराला ह्यातले निम्मे प्रकार तालमीत आणि उरलेले हलगी सुरू झाल्यावर मैदानात फुकट मिळतात.

चरकांची एक ताकीद मात्र नीट वाचण्यासारखी आहे. घामानं मूर्च्छा आली तरी ओटा सोडू नकोस, कारण ओटा सुटला की दार सापडणार नाही आणि जिवाला मुकशील. ओटा दारापर्यंत का बांधायचा तर हात धरून सरकत सरकत बाहेर पडता यावं. हीच भीती आजच्या सौनाच्या दारात आहे: दार बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आत कडी नाही, चक्कर आलेल्या माणसानं नुसतं अंग टाकलं तरी उघडलं पाहिजे. ही मस्करी नाही, फिनलंडमध्ये हेइनोला गावात 1999 पासून सौनात कोण जास्त वेळ बसतो ह्याची जागतिक स्पर्धा व्हायची, 110 अंशांत, दगडांवर सारखं पाणी पडतंय. 2010 च्या फायनलमध्ये एक स्पर्धक दगावला आणि स्पर्धा कायमची बंद झाली. आपल्यात 'बघू कोण टिकतंय' हा किडा जन्मजात, म्हणून सांगतोय. बीपी-हृदयाचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टर, आणि पिऊन अजिबात नाही.

आता हा इतिहास अंगणात कसा उतरतो. पिंपाच्या आकाराचा सौना फोटोत झकास दिसतो, पण फिन लोकांचा जुना दंडक असा की बसणाऱ्याचे पाय दगडांच्या वर पाहिजेत, कारण गरम हवा वर आणि गार हवा खाली. लहान पिंपात बाकडं खाली येतं, मग डोकं उकडतंय आणि पाय गार. चौकोनी खोली, दोन पायऱ्यांचं बाकडं, हे दिसायला साधं पण शे-दोनशे वर्षं घासूनपुसून आलेलं. बाकड्याला सागवान, शिसवी घालायची हौस नको, जड लाकूड तापून चटका देतं, ते लोक अ‍ॅस्पेन, अल्डरसारखं हलकं लाकूड वापरतात ते त्यासाठीच.

दगड. दाजी म्हणाले पंचगंगेतले गोल गोटे आणतो. नको! नदीच्या गोट्यात पाणी मुरलेलं असतं, तापल्यावर फुटून तुकडे उडतात. तिकडं काळे, जड, ज्वालामुखी जातीचे दगड वापरतात आणि आपण तर बसाल्टवरच बसलोय, पण आपल्या काळ्या दगडात जागोजागी पांढऱ्या गाठी असतात, झिओलाईटच्या, त्या बघून टाळायच्या. गंमत म्हणजे हे नावच 1756 मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं दिलं, तापवल्यावर दगडातून वाफ निघाली म्हणून, अर्थ 'उकळणारा दगड'. फिनलंडच्या शेजारच्या देशातला माणूस आपल्या दख्खनच्या दगडाची खोड सांगून गेलाय. भरवसा नसेल तर भट्टीबरोबर येणारेच दगड घ्यावेत.

लाकूड की वीज? मन म्हणतं लाकूड. पण कॉलनीत भिंतीला भिंत, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूर गेला तर पहिल्याच रविवारी भांडण, फिन लोकांनी जाळ घरापासून लांब म्हणून सौना तळ्याकाठी नेला, इथं तेवढी लांब जागाच नाही, म्हणून आपल्याला वीज परवडते. साधारण एका घनमीटरला एक किलोवॅट असा हिशोब, म्हणजे सहा-सात घनमीटरच्या खोलीला सहा-सात किलोवॅट, थ्री-फेज लागणार. मळ्यात, रानात बांधणार असाल तर मात्र लाकूडच, तिथं विजेचा नाद करू नका. बाकी आपला शत्रू बर्फ नाही, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि वाळवी. जमिनीपासून हात-दीड हात वर जोतं, खालून वारा खेळता, वर पुढं आलेलं छप्पर. एप्रिलमध्ये त्यात कोण बसणार हा प्रश्न माझ्या ताईनं विचारला, त्याला दाजींकडं अजून उत्तर नाही.

शेवटी चौकोनी, विजेची भट्टी, असं ठरलं. गेल्या आठवड्यात जोतं झालं, सुतारानं दार बसवलं. बघायला गेलो तर दार बाहेर उघडणारं, अगदी सांगितल्यासारखं, आणि आतून झकास पितळी कडी. "मोरीला लावतो तशी लावली की," तो म्हणाला. दाजींनी स्वतः पेचकस घेतला आणि कडी काढली, भोकं तेवढी राहिलीत.