लाकडी कोळशाला ब्रेक ड्रमची भट्टी नको

चतुर्थीच्या आधी शेजारचा मुलगा लोखंड तापवून ठोकायची भट्टी करायला डिचोलीच्या भंगारवाल्याकडून टिपरचा, म्हणजे खाणीवरच्या ट्रकचा, ब्रेक ड्रम (चाकातलं जाड लोखंडी भांडं) घेऊन आला. २०१८च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि आमच्या पट्ट्यातले बरेच टिपर भंगारात गेले, त्यामुळे असे ड्रम इथे सहज मिळतात. त्याने ड्रमच्या तळातून पाईप घेतला, पाईपला हेअर ड्रायर लावला, वरून लाकडी कोळसा ओतला आणि मला हाक मारली, "काका, भट्टी पेटली, बघायला या!"

दुपारभरात गोणी संपली. कोयतीचं टोक पांढरं पडून फुलबाजीसारखं तडतडलं आणि गळालं, उरलेलं पातं मात्र जेमतेम लाल. पोराच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. त्याने पाहिलेला व्हिडिओही खोटा नव्हता, फक्त त्या व्हिडिओत दगडी कोळसा होता.

हा घोळ मी इतक्यांदा पाहिलाय की आता लिहूनच टाकतो. आपण दोघांनाही 'कोळसा' म्हणतो आणि तिथेच फसतो.

लाकडी, म्हणजे लोणारी कोळसा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. इस्त्रीतला, मासळी भाजायचा, हलका, धूर जवळजवळ नाहीच. दगडी कोळसा जमिनीखालचा. मुरगाव बंदरात उतरून रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो आणि वाटेत वास्कोच्या खिडक्यांवर पूड सोडतो, तोच. जड, पेटताना पिवळट धूर, गंधकाचा वास. हे फरक हातात घेतल्यावर कळतात, त्यांत अडकायला नको.

खरी मेख आग पसरते कशी, यात आहे. दगडी कोळसा तापला की आधी मऊ होऊन एकमेकांना चिकटतो, त्याचा कोक, म्हणजे धूर निघून गेलेला कडक गोळा, बनतो. भोवतीचा कोळसा ओला ठेवला तर तो पेटत नाही, आगीला बांध घालून बसतो. त्यामुळे रुंद ड्रममध्येही आग मधोमध नारळाएवढी राहते. लाकडी कोळसा असा थांबत नाही. वारा मिळेल तिथे पेटतो आणि थोड्याच वेळात अख्खा ड्रम धगधगतो. दगडी कोळसा स्वतःची भिंत स्वतः बांधतो, लाकडी कोळशाला ती तुम्ही बांधून द्यायची.

दुसरं, खोली. पाईपच्या तोंडाशी हवेतला प्राणवायू मोकळा असतो, तिथे लोखंड जळतं. थोडं वर गेल्यावर तो कोळशात खर्च झालेला असतो आणि तिथेच लोखंड नीट तापतं. लाकडी कोळसा हलका आणि पोकळ, म्हणून त्याचा थर जाड लागतो: पाईपच्या वर वीतभर तरी. पोराने ड्रम अर्धाच भरला होता, वारा थेट कोयतीच्या टोकाला लागत होता. जळणार नाही तर काय?

म्हणून माझं मत पक्कं आहे: लाकडी कोळशासाठी मातीची पेटी. जुनी फळ्यांची पेटी किंवा पत्र्याचा डबा घ्या, आत वारुळाची माती आणि वाळू कालवून ठासा, मधे चार बोटं रुंद, हातभर लांब, खोल चर ठेवा. पाईप तळातून नको, बाजूने. तळापासून चार बोटं वर, म्हणजे राख खाली बसते आणि तोंड बुजत नाही. कोळसा सुपारीपासून लिंबाएवढा फोडून घ्या. करवंटीचा कोळसा उत्तम, पण तोही फोडूनच. अख्ख्या वाट्या एकीत एक बसल्या की वारा अडतो.

वाऱ्याचं तर सांगून सांगून थकलो. जुन्या मेस्ताचा, म्हणजे लोहाराचा, चामड्याचा भाता आठवा, किती सावकाश चालायचा! हेअर ड्रायर लावायचाच तर पाईपला भोक ठेवा, जास्तीचा वारा बाहेर जाऊ द्या. ठिणग्यांचा फवारा उडायला लागला की कौतुक करत उभं राहू नका, वारा कमी करा.

बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या आणू नका, नुसती राख होते. आतून चिरा (जांभा दगड) किंवा सिमेंट लावू नका. चिरा पावसाळाभर पाणी पितो आणि ओला चिरा तापून फुटला की कपची डोळ्यात जाते. आगीजवळ जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाईप तर मुळीच नको, जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि धूर नाही म्हणून पावसात भट्टी पडवीत घेऊन दारं लावू नका. लाकडी कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही.

पोराने पुढच्या रविवारी नारळाच्या झाडाखाली पेटी केली. तेवढ्याच गोणीत तीन दुपारी निघाल्या, कोयतीला नवं टोक काढून झालं. ड्रममध्ये आता सांडशा उभ्या असतात.