‘सोळावा लुई शैली’ सोळाव्या लुईच्या आधीची

सरळ पायांचे नवअभिजात (प्राचीन ग्रीक-रोमन कलेचा आदर्श ठेवणारे) फ्रेंच फर्निचर सोळाव्या लुईच्या कारकिर्दीत जन्मले, असे केवळ ‘सोळावा लुई शैली’ या नावावरून सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. हा राजा गादीवर आला १७७४ मध्ये, तर पॅरिसचे कलासंग्राहक लालीव्ह द झ्युली यांच्यासाठी चित्रकार ल लोरँ यांनी आखलेले लिहिण्याचे मेज १७५७ च्या सुमाराचे, म्हणजे पंधराव्या लुईच्याच काळातले आहे. फ्रान्समधील शाँतियी गावच्या संग्रहालयातले हे मेज निरखून पाहावे: आबनुसाचा काळाभोर पातळ थर, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझचे दोरखंडासारखे जाड हार, आणि रोकोको या आधीच्या नक्षीदार शैलीची नागमोडी वळणे साफ टाकून दिलेले भारदस्त, सरळ पाय. सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिला या शैलीचे श्रेय देणे तर ती आधीच घडवणाऱ्या कारागिरांवर अन्यायच आहे; ही राणी फ्रान्समध्ये आली १७७० मध्ये.